कापडाआधी माणूस



भंडाऱ्याहून साकोलीच्या वाटेला लागले की वैनगंगा आडवी येते, आणि नदी ओलांडली की कारधा. या गावाचे नाव बाहेरच्या माणसाला बहुतेक पावसाळ्यातच ऐकू येते. पुराचे पाणी किती चढले, जुना पूल बुडाला की नाही, याची बातमी कारध्यावरूनच येते. आज मात्र पुराची गोष्ट सांगायची नाही. चित्रकलेतल्या एका अभ्यासाविषयी बोलायचे आहे. जिवंत माणूस समोर उभा करायचा आणि त्याच्याकडे पाहून रेघ काढायची, असा तो अभ्यास. शहरातल्या कलाशाळांत त्याला लाइफ ड्रॉइंग म्हणतात. आणि त्याचा एक मोठा उपयोग होतो तो कपड्यांच्या नव्या तऱ्हा दाखवणाऱ्या चित्रांसाठी. अशा चित्राला आपण सोईसाठी वेषचित्र म्हणू.

आता कोणी म्हणेल, 'हा मुंबई-पॅरिसचा विषय, रोवणीच्या दिवसांत आमच्या कानावर कायले घालता जी?' प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर गावातल्या शिंप्याच्या दुकानातूनच सुरू होते.

शिंप्याच्या दुकानात भिंतीवर एक रंगीत तक्ता असतो, नाहीतर मशीनच्या फळीवर एक चुरगळलेले पुस्तक पडलेले असते. त्यात झंपरांचे गळे, पोरींचे फ्रॉक, बाह्यांचे प्रकार. लग्नसराईत बाया येतात, त्या चित्रावर बोट ठेवतात आणि म्हणतात, 'असा पाहिजे.' आता विचार करा. जो कपडा शिवून तयार आहे, त्याचा फोटो निघतो. आज तर ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे. पण जो कपडा अजून शिवलेलाच नाही, ज्याचे कापडसुद्धा अजून ठाणातून फाडलेले नाही, त्याचा फोटो कोण काढणार? तो आधी कोणाच्या तरी मनात असतो. मनातला कपडा मनातल्या माणसाच्या अंगावर घालून कागदावर उतरवावा लागतो. गिऱ्हाइकाला तो आवडला पाहिजे. आणि कापणाऱ्याला कळले पाहिजे की चूण कुठून निघते, कापड कुठे ताणते, कुठे सैल पडते. वेषचित्राचे काम ते एवढेच, आणि फोटोच्या जमान्यातही ते उरले आहे ते याच कारणाने.

मनातल्या माणसाच्या अंगावर कपडा घालायचा, तर मनात आधी माणूस पाहिजे. तो कुठून येणार? जिवंत माणसे शेकड्यांनी पाहून, काढून, खोडून, पुन्हा काढून. दुसरी वाट मला तरी ठाऊक नाही.

आपल्या शाळांत काय चालते ते गुरुजनांना सांगायला नको. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. त्यात स्मरणचित्राचा एक पेपर असतो. भाजीबाजार, शेतातली कामे, पाणवठा, असे काही विषय. उद्देश उत्तम, की मुलाने जे पाहिले ते आठवून काढावे. होते काय? परीक्षेच्या आधी पोरांकडून चार ठरलेल्या आकृत्या घोटून घेतात. एक बाई डोक्यावर घागर घेतलेली, एक बाई बसलेली, एक पागोटेवाला म्हातारा, एक पळता पोरगा. बाजार असो की पाणवठा, हीच चौकडी हजर. बाईचे लुगडे म्हणजे कमरेपासून जमिनीपर्यंत एक तिकोनी गोणी आणि तिच्या खाली दोन पावले चिकटवलेली. त्या गोणीत गुडघा नाही, पिंढरी नाही, कंबर नाही. ती बाई कधी चिखलात उतरलीच नाही, असे चित्र. आणि काढणारा पोरगा कोण? ज्याची आई सकाळी सहाला बांधीत उतरते, तो. घरी रोज दिसणारी आई त्याच्या कागदावर येत नाही. कुठल्या तरी छापील पुस्तकातली बाहुली येते. मला याचे दुःख परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त वाटते.

यासाठी एक लहानसा प्रयोग करून पाहा. घरातले नऊवारी लुगडे दोरीवर टाका. ते सरळ खाली लोंबते. त्याला चुण्या पडल्या तरी त्या उभ्या, एकसारख्या. मग तेच लुगडे घरातली आजी नेसली की पाहा. आता प्रत्येक चुणीला उगम आहे. एक खांद्यावरून निघते, एक कमरेला खोचलेल्या गाठीतून पंख्यासारखी पसरते, एक गुडघा वाकला की गुडघ्याच्या मागच्या खळगीतून फुटते. कापडाला स्वतःचा आकार नसतो. ज्या जागी ते अंगाला टेकते, त्या जागा त्याला आकार देतात. खांदा, कोपर, कंबर, नितंब, गुडघा या टेकण्याच्या जागा. दोन टेकण्यांच्या मध्ये कापड एकतर ताणते, नाहीतर झोळीसारखे पडते. हे ज्याला कळले, त्याला चुण्या पाठ कराव्या लागत नाहीत. ज्याला कळले नाही, तो कितीही रेघोट्या मारो, त्याचे कापड दोरीवरच वाळत राहते.

दुसरी गोष्ट भाराची. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभा असतो तो फक्त कवायतीत. एरवी भार एका पायावर असतो. ज्या पायावर भार, त्या बाजूचे नितंब वर चढते. आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पावलाजवळ पडतो. गवंड्याचा ओळंबा चित्रकारालाही लागतो, तो असा. कडेवर लेकरू घेतलेली बाई पाहा. तिच्या कमरेची रेघ आणि खांद्यांची रेघ एकमेकींकडे झुकलेल्या असतात. या दोन तिरक्या रेघा कागदावर बरोबर उतरल्या की माणूस उभा राहिला. डोळे-नाक नंतर काढा, नाहीतर काढूही नका.

हे शिकायला कारध्याइतकी सोय कलाशाळेतसुद्धा नसेल. आषाढ-श्रावणात बांधीत रोवणी चाललेली असते. बायांची एक ओळ वाकलेली; डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजवा हात चिखलात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. नीट पाहिले की कळते, ज्या बाईने उभी हयात हे काम केले, ती कमरेतून वाकते, पाठ फळीसारखी सपाट ठेवते, एक पाय किंचित मागे. नवखी पोरगी पाठीतून वाकते, तिची पाठ धनुष्यासारखी होते, आणि दुपारपर्यंत ती कंबर धरून बांधावर बसते. दोघींच्या अंगावर एकाच ठाणातले कापड असले तरी ते वेगळे पडेल. काष्टा घातलेले लुगडे गुडघ्याच्या वर खोचता येते, पाय मोकळे होतात. पाचवारी पातळ खाली परकर असल्यामुळे खांबासारखे पडते. ते वर खोचले तर कमरेभोवती गठ्ठा होतो. नऊवारीची नेसण कोणी कागदावर बेतलेली नाही. काम करणाऱ्या पायांनी ती बेतली आहे. आता ती थोरल्या बायांच्याच अंगावर जास्त दिसते. पुष्कळ जणी पातळावरून घरच्या गड्याचा जुना फुल शर्ट चढवतात, ऊन लागू नये, हात खरचटू नयेत म्हणून. हा वेष कोणत्याही फॅशनच्या पुस्तकात मी पाहिलेला नाही. पण तोही बेतलेलाच आहे, आणि पोरांनी तो काढावा असे मला फार वाटते. शर्टाची कॉलर, तिच्याखाली पातळाचा काठ, कोपरावर दुमडलेली बाही. हे सगळे पाठ केलेल्या चौकडीत कुठे सापडणार?

नदीवर जा. डोंग्यात उभा राहून जाळे फेकणारा ढिवर पाहा. जाळे फेकण्याआधी तो कमरेतून पिळला जातो, पाय एका दिशेला, छाती दुसऱ्या. पिळलेल्या गमछाच्या चुण्या तिरप्या का दिसतात ते एका क्षणात कळते. अंगात कपडा थोडा, म्हणून पाठीची फाकळी, बरगड्या, दंडाचा गोळा सगळे उघडे दिसते. शहरातल्या विद्यार्थ्याला यासाठी फी भरावी लागते.

शहरातल्या या वर्गाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले. सुरुवातीला विद्यार्थी प्लॅस्टरचे साचे पाहून काढीत. परदेशातल्या जुन्या पुतळ्यांच्या त्या नकला. पुतळा हलत नाही, थकत नाही, त्याचा भार बदलत नाही. पुढे जिवंत माणसावरून काढणे आले. आणि 1919 च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना उघड्या मनुष्यदेहाचा अभ्यास रीतसर वर्ग म्हणून चालू झाला. यावर टीकाही पुष्कळ झाली. ही विलायती खोड, आपल्या कलेला तिची गरज नाही, असे म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. माझे मत असे, की अजिंठ्याच्या भिंतींवर ज्यांनी माणसे रंगवली, त्यांनी माणसाचे अंग पाहिल्यावाचून ती रंगवली असणे शक्य नाही. खांबाला टेकलेल्या, मान वळवलेल्या त्या आकृत्यांत भाराचा हिशेब चोख आहे. तेव्हा ही विद्या परकी म्हणण्यात अर्थ नाही. मधल्या काळात आपली तिच्याशी गाठ सुटली होती, एवढेच.

याच शाळेत शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर. 1867 साली कोल्हापुरात जन्मले, 1944 साली वारले. ओटो रॉथफेल्ड या इंग्रज अंमलदाराने हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर लिहिलेल्या पुस्तकातली चित्रे धुरंधरांची. ते पुस्तक 1920 साली निघाले. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या, जातीजमातींच्या बाया आपापल्या नेसणीत आहेत. लेखकाचा मजकूर आज वाचवत नाही, बायांकडे पाहण्याची त्याची नजर साहेबाची आहे. पण चित्रांकडे पाहा. धुरंधरांची कोळीण आणि त्यांची ब्राह्मण गृहिणी यांच्यात फरक नुसता लुगड्याचा नाही. उभे राहण्याचा आहे. कोणी ओझे वाहिले आहे आणि कोणी नाही, हे खांद्यांवरून कळते. त्यांच्या काळी वेषचित्र हा शब्द कोणी वापरत नव्हते. पण आपल्याकडचे ते काम मला तिथेच सुरू झालेले दिसते.

पुढे दिवाळी अंकांचे दिवस आले. गोव्याचे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे घराघरांत पोचली. कितीतरी बायांनी पदर घेण्याची तऱ्हा, अंबाडा, झंपराचा गळा त्या चित्रांवरून उचलला असेल. त्याच्याही आधी हे काम रंगभूमीने केले. बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहत आणि पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसू पाहत. पुरुषाच्या अंगावर लुगडे, आणि नक्कल करणाऱ्या बायका! ज्याने आपल्याकडच्या दंडारीत स्त्रीपार्ट पाहिला आहे, त्याला याचे मर्म लगेच कळेल. नवखा नट लुगडे नेसून आला की ते त्याच्या अंगावर अडकल्यासारखे दिसते. नेसवणारा तोच, लुगडे तेच. चार रात्री गेल्या, तो बाईसारखा उभा राहायला, बसायला, वळायला शिकला, की लुगडे आपोआप पडू लागते.

आता जिच्यामुळे हा विषय निघाला तिच्याकडे येतो. भानुमती राजोपाध्ये, पुढे भानू अथैया या नावाने जगाला माहीत झाल्या, त्या. जन्म कोल्हापूरचा, 1929 चा. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये स्वतः चित्रकार. बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. ते मुलीच्या लहानपणीच वारले. ही मुलगी मुंबईला येऊन जे. जे. मध्ये शिकली. 1951 साली विसावलेल्या एका स्त्रीच्या चित्रासाठी तिला सुवर्णपदक मिळाले. 1953 साली त्या काळच्या नव्या दमाच्या चित्रकारांबरोबर, म्हणजे प्रोग्रेसिव्ह गटाबरोबर, तिची चित्रे प्रदर्शनात लागली. पण चित्रे विकून घर चालत नाही, हे कोल्हापूरच्या मुलीला कोणी शिकवावे लागले नाही. ती मासिकांत वेषचित्रे काढू लागली. आधी 'फॅशन अँड ब्यूटी', मग 'इव्ह्ज वीकली'. मग संपादिकेने स्वतःचे कपड्यांचे दुकान काढले आणि हिला म्हटले, कागदावर काढतेसच, आता कापडात करून पाहा. केले. गिऱ्हाइके येऊ लागली, त्यांत सिनेमातल्या नट्याही होत्या. 1956 च्या 'सी.आय.डी.' पासून पुढे शंभराहून अधिक चित्रपटांचे वेष तिने केले.

हा क्रम नीट लक्षात घ्या. आधी माणसाचे अंग, मग अंगावरचे कापड कागदावर, आणि मग कात्री. पुष्कळांचा क्रम उलटा असतो, म्हणून त्यांचा कपडा चित्रात छान दिसतो आणि अंगावर गेला की काखेत काचतो.

1966 साली 'आम्रपाली' आला. त्यासाठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला. भिंतीवरच्या बाया स्थिर असतात. सिनेमातली वैजयंतीमाला नाचणार होती. म्हणजे भिंतीवरचे वस्त्र नुसते उतरवून भागणार नव्हते, ते नाचताना जागेवर राहील असे बसवायला हवे होते. 1968 च्या 'ब्रह्मचारी' त मुमताजसाठी त्यांनी अंगाला चापून बसणारी, आधीच शिवलेली साडी केली. ती इतकी गाजली की आजही त्या साडीला त्या नटीच्याच नावाने ओळखतात. करणारीचे नाव मागे राहिले. वेषाच्या धंद्यात हे नेहमीचेच.

आणि मग 1982 चा 'गांधी'. त्यातल्या वेषांसाठी भानू अथैया आणि जॉन मोलो या दोघांना 1983 साली ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हजारो माणसांचे वेष, दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांपासून 1948 पर्यंतचे. लोकांना वाटते, अवघड काम म्हणजे साहेबांचे गणवेष, राजेरजवाड्यांचे फेटे. मला विचाराल तर सगळ्यात अवघड वेष पंचाचा. गांधीजींनी 1921 च्या सप्टेंबरात मदुरेला सदरा-टोपी सोडून गुडघ्यापर्यंतचा पंचा धरला. आता एका पंचात काय बेतायचे? पण तिथेच कसोटी आहे. सुटाबुटातला बॅरिस्टर कोटाच्या खांद्यांवर उभा करता येतो. आत कोणीही असो. पंचा नेसलेल्या माणसाला कापडाची आडच नाही. पंचा किती आखूड, गाठ कुठे, वाकलेल्या पाठीवर चादर कशी पडते, यात बोटभर चुकले तर महात्म्याचा सोंगाड्या होतो. तो सोंगाड्या झाला नाही. 2012 साली त्यांनी ती ऑस्करची बाहुली नीट जतन व्हावी म्हणून अमेरिकेतल्या संस्थेकडे परत सोपवली. 2020 साली त्या वारल्या. 'लगान' मधली 1893 सालची खेडुत माणसे ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी त्यांचेच काम पाहिले आहे. त्या वेषांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता एक गोष्ट विशेषतः ज्यांच्या घरात वयात येणाऱ्या मुली आहेत त्यांच्यासाठी. माणसाची उंची मोजायचे चित्रकाराचे माप म्हणजे त्याचे स्वतःचे डोके, टाळूपासून हनुवटीपर्यंत. मोठ्या माणसाची उंची अशी सात, साडेसात डोकी भरते. वर्षाच्या लेकराची चारच. शाळेत नाव घालायच्या वयाच्या पोराची साडेपाच-सहा. वेषचित्रांत मात्र बाई नऊ डोक्यांची काढण्याची चाल आहे, कधी दहाचीही. वाढवलेली सगळी लांबी बहुतेक पायांत असते. कारण उघड आहे. लांब पायांवर कापड ऐटीत पडलेले दिसते. जाणता चित्रकार हे समजून-उमजून करतो. साडेसात डोक्यांचा माणूस त्याच्या हातात पक्का असतो म्हणून कुठे ओढायचे आणि कुठे ओढायचे नाही हे त्याला कळते. गुडघा गुडघ्याच्याच जागी राहतो. न शिकलेला माणूस आकृती रबरासारखी ताणतो.

पण पाहणाऱ्या मुलीला हे कोण सांगते? मासिकात, फलकावर, आता मोबाइलवर ती नऊ डोक्यांची बाई पाहते, आरशात साडेसात डोक्यांची, आणि समजते की खोट आपल्यात आहे. म्हणून गुरुजनहो, एक दिवस वर्गात मोजणी करा. भिंतीला पाठ लावून एकेकाला उभे करा, हात सरळ पुढे ताणून पेन्सिलीवर अंगठा सरकवत डोक्याचे माप घ्या, आणि किती वेळा बसते ते फळ्यावर लिहा. मग कपड्याच्या जाहिरातीतले चित्र घ्या आणि तेही तसेच मोजा. पोरे हसतील. हसू द्या. त्या एका हसण्यात जे कळते ते माझ्या भाषणाने कळणार नाही.

उघड्या देहाच्या अभ्यासाचे नाव काढले की गावात भुवया उंचावतात. साहजिक आहे. तो अभ्यास मोठ्यांचा, कलाशाळेच्या बंद दाराआडचा; शाळेतल्या मुलांना त्याची गरज नाही. कपडे घातलेला जिवंत माणूस त्यांना पुरेसा आहे, अट एवढीच की तो जिवंत असावा. वर्गातलीच मुले पाळीपाळीने उभी करा. एकाच्या खांद्यावर नांगराचा फाळ द्या, एकीच्या कमरेवर घागर. दोन मिनिटे, त्याहून जास्त नाही. दोन मिनिटांत पोराला डोळे-पापण्या काढायला फुरसत मिळत नाही. त्याला भार, पाठ आणि दोन तिरक्या रेघाच काढाव्या लागतात. अशी वीस चित्रे झाली की एकविसावे पंधरा मिनिटांचे घ्या, आणि त्यात कापड येऊ द्या. बाजूला एकाच मापाचे चार तुकडे टांगून ठेवा, मऊ धुतलेले सुती, जाडे हातमागाचे, गुळगुळीत नायलॉनचे, आणि मिळाला तर मोहाडी-आंधळगावच्या मागावरचा कोसा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्याचा तो धागा; सुती कापड जिथे गोल लवते तिथे कोसा जरा कोनात मोडतो. हा फरक पोरांनी आधी हाताने चाचपावा, मग कागदावर आणावा. एका तासात सगळे होणार नाही. होऊ नये.

गावात बाहेर काढायला नेलेत तर एक रीत पाळा. नदीवर धुणे धुणाऱ्या बायांचे चित्र दुरून, चोरून काढू नये. जवळ जावे, नमस्कार करावा, विचारावे. 'माहा कायले काढता बाबू, त्या पोरीचा काढा,' असे उत्तर येईल. तरी बसावे. झाल्यावर चित्र दाखवावे. ती बाई चुका काढील, आणि तिच्या चुका परीक्षकापेक्षा नेमक्या असतील. पाय असा ठेवला तर घसरून पडीन की नाही, असे ती विचारील. कामाचा खोळंबा करून कोणा म्हाताऱ्याला अर्धा तास बसवलेत तर त्याला त्या वेळाचे पैसे द्यावेत. शहरातल्या कलाशाळांत बसणाऱ्याला पैसे देतात, ते काही उपकार म्हणून नव्हे. तासभर न हलता बसणे ही अंगमेहनत आहे. खात्री नसेल त्याने दहा मिनिटे बसून पाहावे.

सामानाची अडचण कोणी सांगू नये. महागड्या पेन्सिली लागत नाहीत. तुराट्या आपल्याकडे ढिगांनी असतात. बोटभर लांबीचे, सरळ, वाळलेले तुकडे सोलून घ्या. चहाच्या पत्र्याच्या रिकाम्या डब्यात ते उभे ठासून भरा, झाकण घट्ट लावा आणि झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा. डबा चुलीतल्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून आधी पांढरा धूर येतो. तो यायचा थांबला की डबा बाहेर काढून निवू द्या. तापलेला डबा उघडू नका, वारा लागला की आतला कोळसा पेट घेतो. निवल्यावर आत काळ्या कांड्या मिळतील, वर्गाला महिनाभर पुरतील इतक्या. कागद म्हणून जुन्या वह्यांची पाठकोरी पाने चालतात, वर्तमानपत्रही चालते. कोळशाची रेघ छापील अक्षरांवरून ठळक उमटते. ही रेघ बोटाने पुसते, म्हणून चित्रे रचताना मध्ये कोरा कागद घालावा. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख लिहावी, काढणाऱ्याचे नाव लिहावे, आणि जो उभा राहिला त्याचेही.